एका सूक्ष्मद्रव्याची कैफियत

समर्थक : माझे म्हणणे आधी मोजक्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपला आक्षेप नेमका कोठे येतो ते मला समजेल. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातील ए.आर.टी. म्हणजे विषाणुरोधक उपचारांच्या केंद्रात एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसाला गोळ्या विनामूल्य मिळतात, त्याचे वजन नोंदले जाते, क्षयाची लक्षणे विचारली जातात, सी.डी. फोर पेशींची गणना आणि व्हायरल लोडची तपासणी होते. परंतु ज्या पेशी आपण एवढ्या काळजीने मोजतो त्यांना लढण्यासाठी लागणारी सामग्री त्या माणसाच्या ताटातून त्याच्या रक्तापर्यंत पोहोचते की वाटेतच खुंटते, या प्रश्नाला कोणत्याच दप्तरात रकाना नाही. सेलेनियम हे त्या सामग्रीपैकी एक. प्रौढ माणसाला त्याची गरज दिवसाला 40 मायक्रोग्रॅमची, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली ठरविले आहे; म्हणजे एका ग्रॅमचे पंचवीस हजार भाग केले तर त्यांतला एक. मात्रा अशी नगण्य, पण तिच्यावर चालणारा कारभार मोठा. रोगजंतूवर चाल करून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी दाहक द्रव्ये निर्माण करतात. त्या दाहात पेशी स्वतःच जळून जाऊ नयेत म्हणून ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या जातीची विकरे राबतात, आणि त्या विकरांच्या गाभ्यात सेलेनियम बसलेले असते हे 1973 साली सिद्ध झाले. आता एचआयव्हीच्या बाधेत हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, आणि वारंवारच्या जुलाबांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही. खर्च वाढला आणि जमा घटली की तूट येणारच. ती तूट भरून काढली तर इतर संसर्गांना, विशेषतः क्षयाला आणि जुलाबांना, तो माणूस कमी बळी पडेल अशी माझी धारणा आहे.

शंकाकार : आपल्या रसायनशास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. 'हे द्रव्य आवश्यक आहे' या विधानापासून 'हे द्रव्य दिल्याने संसर्ग टळेल' या विधानापर्यंत आपण ज्या सुलभतेने आलात, त्या सुलभतेबद्दल आहे. आवश्यक तर मीठही आहे. आपल्या पक्षाचा सर्वांत जुना पुरावा मायामीचा : 1997 साली तेथील मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या एचआयव्हीबाधितांत असे आढळले की, ज्यांच्या रक्तात सेलेनियम कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. हा आकडा पाहून पुष्कळ सज्जन हरखून गेले. पण शरीरात दाह उसळला की रक्तद्रवातील सेलेनियम आपोआप खाली जाते, मग त्या माणसाने कितीही मासळी खाल्लेली असो. यकृत त्या काळात सेलेनियम वाहून नेणारी प्रथिने कमी बनवते आणि द्रव्य रक्तातून अन्यत्र सरकते. म्हणजे जो अधिक आजारी त्याच्या रक्तात सेलेनियम कमी, आणि जो अधिक आजारी तोच आधी मरणार. यात सेलेनियमची तूट ही मृत्यूची साथीदार ठरली की नुसती साक्षीदार, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही; आणि साक्षीदाराला फाशी देऊन गुन्हे थांबत नाहीत.

समर्थक : साक्षीदार आणि साथीदार यांतला हा भेद मी शिरोधार्य मानतो, आणि म्हणूनच आपल्याला चीनमध्ये घेऊन जातो, कारण तेथे ही रुजवात माणसांवरच झाली. ईशान्य चीनमधील केशान या परगण्यात 1935 साली हृदयाच्या स्नायूंचा एक घातक विकार साथीसारखा पसरला. मुले आणि प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया यांना त्याने प्रामुख्याने गाठले. पुढे दिसून आले की हा विकार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या एका लांब पट्ट्यात होतो आणि त्या पट्ट्याच्या मातीत सेलेनियम अत्यल्प आहे. 1974 साली मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या, दुसऱ्याला दिसायला तशाच पण निर्द्रव्य गोळ्या. निर्द्रव्य गोळ्या घेणाऱ्यांत त्या वर्षी हजारी तेरा-चौदा मुले आजारी पडली, सेलेनियम घेणाऱ्यांत हजारी दोन. फरक इतका उघड होता की पुढे सर्वांनाच सेलेनियम देण्यात आले. तरीही एक कोडे उरले होते : तूट तर बारमाही, मग रोग ऋतुपरत्वे कमीजास्त का होतो? उत्तर कॉक्सॅकी नावाच्या विषाणूत सापडले. मेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली दाखविले की, या विषाणूचा एक निरुपद्रवी वाण सेलेनियमविहीन उंदरांच्या शरीरात गेला म्हणजे त्याची जनुकीय रचनाच पालटते आणि तो हृदयावर घाला घालू लागतो. शिवाय तेथून काढलेला तोच विषाणू पोटभर, सकस खाणाऱ्या उंदरांनाही तितकाच घातक ठरतो. या निष्कर्षाची व्याप्ती लक्षात घ्या. एकाच्या ताटातील उणीव दुसऱ्याच्या शरीरातील रोगाला धार लावते. एचआयव्ही हा तर पालटण्यात सर्वांहून चपळ.

शंकाकार : बेक यांचा प्रयोग विसाव्या शतकातील पोषणशास्त्राच्या सुंदर प्रयोगांपैकी एक आहे, हे मी मनापासून म्हणतो. परंतु कॉक्सॅकीचा न्याय एचआयव्हीला लावण्याची मुभा तो देत नाही. कॉक्सॅकी येतो, झगडतो आणि जातो. एचआयव्ही आपली प्रत माणसाच्या पेशीच्या जनुकांतच शिवून ठेवतो. म्हणून एचआयव्हीचा दाखला एचआयव्हीबाधितांतच शोधला पाहिजे, आणि तसा तो शोधलाही गेला आहे. मायामीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसाला 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम नऊ महिने दिल्यावर विषाणूंची संख्या घटली असे जाहीर झाले. पण ते यश मुख्यत्वे अशा माणसांना वेगळे काढून दाखविले होते, ज्यांच्या रक्तात सेलेनियम खरोखर वाढले. गोळ्या नियमितपणे घेणारा माणूस इतर पुष्कळ गोष्टीही नियमितपणे करतो. त्याला वेगळे काढले की गटांची समता मोडते. पुढच्याच वर्षी टांझानियातील दार-एस-सलामचा निकाल आला : नऊशेहून अधिक एचआयव्हीबाधित गर्भवतींना तेवढीच मात्रा दिली, आणि विषाणूंच्या संख्येत फरक नाही, सी.डी. फोर पेशींतही नाही. आणि केनियातील मोंबासाचा 2004 चा निकाल तर अधिक गंभीर आहे. तेथे जीवनसत्त्वे आणि सेलेनियम एकत्र दिलेल्या स्त्रियांच्या रक्तात सी.डी. फोर पेशी वाढल्या खऱ्या, पण योनिमार्गातील स्रावात विषाणुबाधित पेशी आढळण्याची शक्यता सुमारे अडीच पटींनी वाढली. ज्या पेशी वाढल्या त्याच विषाणूचे घर आहेत, हे आपण विसरतो. प्रौढ एचआयव्हीबाधितांवरील अशा सर्व प्रयोगांचा, वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी 2017 साली जो ताळेबंद मांडला, त्यात सूक्ष्मपोषक द्रव्यांच्या गोळ्यांचा सातत्याने दिसणारा, रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा लाभ त्यांना आढळला नाही.

समर्थक : दार-एस-सलामचा निकाल आपण अर्धाच वाचलात. विषाणूंची संख्या बदलली नाही हे खरे. पण त्याच स्त्रियांच्या आजारांची नोंद पाहिली तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत जुलाबांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले. माझा मूळ दावा काय होता? विषाणू मरेल असे मी म्हटलेच नव्हते. इतर संसर्गांना शरीर कमी बळी पडेल एवढेच म्हटले होते. आपण फिर्याद एकीची चालविता आणि निकाल दुसरीचा देता. बोट्स्वानाकडेही पाहा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, ज्यांच्यावर अद्याप उपचार सुरू झाले नव्हते अशा 878 बाधितांपैकी, ब, क, ई ही जीवनसत्त्वे आणि सेलेनियम अशी जोड ज्यांना मिळाली त्यांची प्रतिकारशक्ती ढासळण्याचा धोका दोन वर्षांत निम्म्याने कमी झाला. रवांडात 300 जणांवरील प्रयोगात एकटे सेलेनियम दिले, आणि सी.डी. फोर पेशींच्या घसरणीचा वेग सुमारे 44 टक्क्यांनी मंदावला.

शंकाकार : बोट्स्वानात एकट्या सेलेनियमने, किंवा एकट्या जीवनसत्त्वांनी, भरवशाने म्हणता येईल असा फरक पडला नाही. रवांडात पेशी मंद गतीने घटल्या, पण विषाणू दबला नाही. जुलाबांचा आकडा मात्र मी बाजूला सारत नाही, तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु या सगळ्या प्रयोगांना एक समान मर्यादा आहे आणि ती आपल्या वादाच्या मुळाशी जाते : ते बहुतांशी अशा माणसांवर झाले ज्यांना विषाणुरोधक औषधे मिळत नव्हती. असा माणूस धोरणापुरता तरी आता भारतात उरलेला नाही. 1 एप्रिल 2004 रोजी देशात विनामूल्य औषधे सुरू झाली ती अवघ्या आठ रुग्णालयांत. महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे. त्यांपैकी एक होते. त्याआधीची वर्षे आठवा. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, कोकणातील चाकरमानी मिळेल ते काम करीत मुंबईतच राहिला, आणि नव्वदच्या दशकात हा रोग अंगात घेऊन गणपतीला, शिमग्याला गावी येत राहिला. त्याच्या बायकोला आपल्याला काय झाले आहे ते तो गेल्यावर कळले. त्या माणसाला देण्यासारखे हाताशी काही नव्हते तेव्हा कोणी त्याला सेलेनियम देऊ केले असते तर मी हरकत घेतली नसती. 2017 पासून मात्र नियम असा आहे की निदान झाले की सी.डी. फोरचा आकडा न पाहता उपचार सुरू करायचे. नियमित गोळ्यांनी विषाणू काही महिन्यांत दबतो आणि प्रतिकारशक्ती सावरू लागते. असा प्रबळ उपाय हाती आल्यावर एका धातुसदृश मूलद्रव्याच्या गोळीने त्यात भर काय पडणार?

आणि माझी भीती केवळ निरुपयोगाची नाही. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या कारकिर्दीत आरोग्यमंत्र्यांनीच लसूण, बीट आणि लिंबू यांची थोरवी गायली, जीवनसत्त्वांचे व्यापारी पुढे सरसावले, आणि औषधे रोखून धरली गेली. त्या विलंबापायी तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे हकनाक मेली, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 साली मांडला. त्याच काळात कॅनडातील भूगोलाचे प्राध्यापक हॅरोल्ड फॉस्टर हे सांगत होते की सेनेगलच्या मातीत सेलेनियम भरपूर आहे म्हणून तेथे एड्स कमी. सेनेगलने प्रारंभीच केलेला बंदोबस्त, तेथील सुंता करण्याची रीत, लैंगिक व्यवसायावरील देखरेख, हे सारे त्या सिद्धान्तात अदृश्य झाले. आहाराचे माहात्म्य सांगणारा माणूस सद्भावनेने बोलतो हे मला ठाऊक आहे. पण रोज गोळी घेऊन कंटाळलेला रुग्ण त्याच्या बोलण्यातून स्वतःला हवा तेवढाच अर्थ काढतो.

समर्थक : त्या मृतांची आठवण करून देण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि म्हणून मी निःसंदिग्ध शब्दांत सांगतो : औषधाच्या जागी सेलेनियम ठेवणारा माणूस माझा मित्र नव्हे. परंतु औषधे चालू असताना काय, हा प्रश्न आपण समजता तसा निकालात निघालेला नाही. विषाणू दबला तरी शरीरातील दाह पूर्णपणे शमत नाही, आणि उपचाराखालील माणसालाही क्षयाचा धोका इतरांपेक्षा अधिक राहतो. तेव्हा तूट खरोखर आहे का, हे तरी पाहाल की नाही? आपल्या जिल्ह्याची जमीन जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. माती आम्लधर्मी, लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली. अशी माती सेलेनियमला इतके घट्ट धरून ठेवते की पिकाच्या मुळाला ते सहजी मिळत नाही.

शंकाकार : फॉस्टर यांच्याच वाटेने आपणही मातीवरून माणसावर घसरलात. रत्नागिरीच्या ताटात आज रत्नागिरीची माती किती आहे? रेशनच्या दुकानात येतो तो केंद्रीय भांडारातला तांदूळ, आणि त्या भांडारात पंजाबचा वाटा फार मोठा आहे. त्याच पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या भागांत काही गावांच्या जमिनीत सेलेनियम इतके अधिक आहे की तेथील माणसांचे केस गळतात, नखे ठिसूळ होऊन तुटतात, जनावरांचे खूर झडतात. या द्रव्याच्या बाबतीत पुरेसे आणि अपायकारक यांत अंतर थोडे. 400 मायक्रोग्रॅम ही दिवसाची कमाल मर्यादा मानली आहे, आणि आपल्या प्रयोगांतील 200 ची मात्रा म्हणजे तिच्या अर्ध्यावर आधीच पोहोचणे होय. शिवाय मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरणारा बांगडा, तारली, सुरमई! शंभर ग्रॅम समुद्री मासळीत साधारणपणे 30 ते 50 मायक्रोग्रॅम सेलेनियम असते. सेलेनियमची तूट शोधायला समुद्रकाठ हे भारतातले शेवटचे ठिकाण ठरेल.

समर्थक : बंदरावर मासळी उतरते, ती कोणाच्या पानात पडते ते पाहा. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना दोन महिने बंदी असते, पुढे श्रावण येतो...

शंकाकार : येथेच थांबवतो. मासळीतून मिळणारे सेलेनियम शरीर स्नायूंत साठवून ठेवते आणि महिनोन्‌महिने पुरवून वापरते. दोन-तीन महिन्यांच्या खंडाने धडधाकट माणसाला तूट येत नाही. शिवाय सुके बांगडे आणि सुकट घरात असतेच.

समर्थक : धडधाकट माणसाला येत नाही, मान्य. मी ज्याच्याविषयी बोलतो त्याचे स्नायूच झडलेले असतात. साठा ठेवायला कोठारच लहान झालेले असते. आणि पान कोणाचे हा मुद्दा बंदीच्या महिन्यांपुरता नाही. घाटाच्या पायथ्याशी, संगमेश्वरच्या, लांज्याच्या आतल्या वाडीत पाटी घेऊन कोळीण येते. घरात दोन बांगडे घेतले जातात. तिखले होते. मधले तुकडे पुरुषाच्या आणि मुलांच्या पानात. शेवटी बसणारी बाई डोक्याकडचा भाग आणि उरलेले तिखले भातावर घेते. सेलेनियम आहे मांसात, रश्शात नाममात्र. आता ही बाई विधवा असेल, तिच्या गोळ्यांची बाटली सासूच्या नजरेआड तांदळाच्या डब्यात पुरलेली असेल, तर 'मला सकस आहार सांगितला आहे' हे वाक्य ती कोणत्या तोंडाने उच्चारणार? सकस आहार कशासाठी, असे कोणी विचारले की तिचे सारे गुपित उघडे पडते. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करू नये असा कायदा 2017 साली झाला आणि 2018 च्या सप्टेंबरात अंमलात आला. पण स्वयंपाकघरातील वाटणी कोणत्या कायद्याने बदलावी? गोळी डब्यात लपविता येते. बांगडा लपविता येत नाही.

शंकाकार : हा आपला सर्वांत समर्थ युक्तिवाद आहे, आणि तो जैवरसायनाचा नसून घराचा आहे. त्याचे वजन मला जाणवते. पण त्यातून निघते काय? त्या बाईच्या पानात सेलेनियमबरोबर प्रथिनेही कमी, लोह कमी, जस्त कमी, एकंदर उष्मांकच कमी. मग सेलेनियमला या रांगेतून पुढे ओढण्याचे प्रयोजन काय? झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. त्यांपैकी एका गटाला दरमहा धान्य आणि डाळ मिळाली, आणि त्या गटात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. या प्रश्नात भारताकडे स्वतःचा असा भक्कम पुरावा आहे तो हा, आणि तो अन्नाचा आहे. निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याला पूर्वी दरमहा 500 रुपये मिळत, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 मिळतात. पण क्षय झालेला नसलेल्या एचआयव्हीबाधिताला त्या योजनेत जागा नाही. क्षय झाल्यावर पैसे, क्षय होऊ नये म्हणून नाही. लढायचेच तर या तरतुदीसाठी लढू, मी आपल्याबरोबर येतो.

समर्थक : येईन म्हणालात, तो शब्द मी धरून ठेवतो. परंतु झारखंडच्या त्या शिध्यात धान्य आणि डाळ यांच्या जोडीला सूक्ष्मपोषक द्रव्येही दिली होती, हे सांगायचे आपण टाळलेत. 39 टक्क्यांत कोणाचा वाटा किती, हे तो प्रयोग सांगू शकत नाही; आपण सारे श्रेय डाळ-तांदळाला दिलेत, मी सेलेनियमला देणार नाही. उलट यातून मला माझाच प्रश्न अधिक नेमका करता येतो. ज्याचा विषाणू औषधांनी दबला आहे, ज्याच्या रक्तात दाहाची खूण असलेले सी.आर.पी. वाढलेले नाही, आणि तरीही ज्याचे सेलेनियम कमी आहे, त्याची तूट ही साक्षीदार म्हणून झटकून टाकता येणार नाही. दाहाची सबब आपण आरंभी पुढे केली होती, ती येथे उरत नाही. अशा माणसाला 200 नव्हे, रोजच्या गरजेइतकीच मात्रा दिली तर त्याचे संसर्ग कमी होतात का?

शंकाकार : हा प्रश्न मला मान्य आहे; इतका नेमका प्रश्न आपण आरंभी विचारला नव्हता. उत्तर मिळेपर्यंत सेलेनियम शासनाच्या औषधांच्या यादीत जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

समर्थक : प्रश्न मान्य, पण 'मिळेपर्यंत' ही मुदत मला मान्य नाही. क्षयासारखा परिणाम मोजायचा तर हजारो माणसे काही वर्षे पाहावी लागतील. एका जिल्ह्याच्या आवाक्यातले ते काम नव्हे, आणि कवडीमोल क्षारावर एवढा पैसा कोणतीही औषध कंपनी लावणार नाही. तोवर त्या बाईला निदान रोज एक अंडे केंद्रातूनच, तेथेच बसून खाण्यासाठी, मिळावे. केंद्रात ती महिन्याला एकदाच येते, म्हणून इतर दिवशी ते अंगणवाडीच्या मार्फत कसे पोहोचवायचे याची तजवीज करावी लागेल; पण एका अंड्यात पंधराएक मायक्रोग्रॅम सेलेनियम असते आणि वर प्रथिने.

शंकाकार : अंगणवाडीत रोज अंडे खायला जाणारी विधवा ही वाडीला दिलेली जाहिरातच होईल, आपल्या डब्यातल्या गोळीचे गुपित आपणच फोडता आहात. तो भाग नीट विचार करूनच सोडवावा लागेल. आणि दुसरे असे की, अंडे सर्वांना दिले की आपला प्रयोग संपला. ज्यांच्यात तूट पाहायची त्यांची तूट आपणच भरून काढली. खाऊ घालणे आणि जाणून घेणे यांत निवड करावी लागली तर मी खाऊ घालणे निवडीन.

समर्थक : मीही तेच निवडीन. पण अंडे देण्याआधी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासा. बहुतेकांची तूट भरून निघेल, त्यांच्यापुरता आपला वाद मिटला. काहींची भरून निघणार नाही, कारण त्यांच्या आतड्याला सत्त्व शोषताच येत नसेल. अन्न दिले, औषध दिले, विषाणू दबला, दाह नाही, आणि तरी सेलेनियम कमी : ही माणसे थोडी असतील, पण माझ्या पक्षाचा खरा निकाल त्यांच्यातच लागायचा आहे. त्यांचे आपण काय कराल?

शंकाकार : आधी आतड्याचा शोध घेईन, जंत, जुनाट आव, आतड्याचा क्षय यांपैकी काही आहे का ते पाहीन, आणि सापडेल त्यावर उपचार करीन. काहीच सापडले नाही तर गोळी नाकारण्यासाठी मायामीतील किंवा दार-एस-सलाममधील कोणताही आकडा मला पुढे करता येणार नाही, कारण ते आकडे अशा माणसांचे नव्हतेच. आपल्यालाही ते गोळीच्या बाजूने वापरता येणार नाहीत. ज्याचे आतडेच शोषत नाही त्याला तोंडाने किती मात्रा द्यायची, ती पोहोचली हे कशावरून ठरवायचे, आणि पंजाबातल्या त्या गावांची नखे डोळ्यांपुढे ठेवून ती थांबवायची केव्हा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज आपल्या दोघांपाशी नाही.